देवाच्या आज्ञा पाळण्याचा क्रम: आधी काय, मग काय आणि लाभ कुठे शोधायचा

दर उपवासकाळात, म्हणजे इस्टरआधीच्या चाळीस दिवसांत, राखेचा बुधवार उलटला की धर्मशिक्षणाच्या वर्गानंतर कुणीतरी मागे थांबतं. प्रश्न ठरलेला असतो. "बाई, मी रविवार चुकवत नाही, खोटं बोलत नाही, कुणाचं घेत नाही. मग आजारपण माझ्याच घरात का? मुलाला अजून नोकरी का नाही?" विचारणारी माणसं मनाने स्वच्छ असतात. आज्ञा पाळण्याची त्यांची धडपडही खरी असते. चुकतो तो क्रम. लाभ कुठे शोधायचा, ती जागाही चुकते. मग वर्षानुवर्षं पाळूनही हात रिकामे वाटतात, आणि हळूहळू देवाविषयीच मनात अढी बसते.

वर्गात तुकड्यातुकड्याने सांगत आले, ते इथे सलग लिहिते आहे. वसईपासून वेंगुर्ल्यापर्यंतच्या किनाऱ्यावर कॅथलिकही आहेत आणि प्रोटेस्टंट मंडळ्याही आहेत. दोघांची रीत जिथे वेगळी, तिथे तसं म्हटलं आहे.

## तयारी

वेळ. घाईच्या दिवसांत हे काम सुरू करू नका. घरात होडी असेल तर मासेमारी बंदीचे दिवस उत्तम, १ जून ते ३१ जुलै. आंब्याचं घर असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये, पेट्या भरायला घेण्याआधी बसा. उपवासकाळ साधारण तेव्हाच येतो. एका बैठकीला अर्धा तास पुरे, पण तो अर्धा तास फोन दुसऱ्या खोलीत ठेवा.

वही. साधी, पण दुसऱ्या कुणाच्या हाती न पडणारी. मनातल्या मनात केलेली तपासणी टिकत नाही. आपण स्वतःला दोन मिनिटांत माफ करून मोकळे होतो.

शास्त्र. बायबलमधल्या निर्गम आणि अनुवाद या पुस्तकांत, म्हणजे निर्गमाच्या २०व्या आणि अनुवादाच्या ५व्या अध्यायात, दहा आज्ञा आहेत. तिथे खुणा घाला. शिवाय मत्तय ५ ते ७, योहान १४ आणि १५, स्तोत्र १९. एवढं पुरतं.

क्रमांक. इथे फार गोंधळ होतो. कॅथलिक मोजणीत 'चौथी आज्ञा' म्हणजे आईबापांचा मान. बहुतेक प्रोटेस्टंट मोजणीत चौथी म्हणजे विश्रामदिन, आणि आईबापांची पाचवी. मूर्तीविषयीचं वचन कॅथलिक पहिल्या आज्ञेत धरतात, प्रोटेस्टंट ते वेगळं दुसरं मोजतात. शेवटी लोभाच्या आज्ञा कॅथलिकांकडे दोन होतात, शेजाऱ्याची बायको आणि शेजाऱ्याची मालमत्ता. प्रोटेस्टंटांकडे त्याची एकच. मजकूर तोच आहे, दहा हा आकडाही तोच आहे. सासर-माहेर वेगवेगळ्या पंथांचं असेल तर घरात क्रमांकाने बोलूच नका. 'चोरीची आज्ञा', 'विश्रामाची आज्ञा' असंच म्हणा.

> तपासा: दहाही आज्ञा न बघता, स्वतःच्या शब्दांत लिहून काढा. बहुतेकांना सहा-सात आठवतात. न आठवलेल्यांवर खूण करा. वर्षभर ज्यांच्याकडे आपण पाहिलेलंच नाही, त्या बहुधा त्याच असतात.

## टप्पा १: आज्ञेच्या आधीची ओळ वाचा

निर्गम २० मधली पहिली आज्ञा तिसऱ्या वचनात येते. तिच्या आधी, दुसऱ्या वचनात, देव लोकांना आठवण देतो की मिसर (इजिप्त) देशातून, गुलामीच्या घरातून, तुम्हाला बाहेर काढणारा मी आहे. लोक आधी सुटले, मग सीनाय डोंगरापाशी आले आणि मग त्यांना आज्ञा मिळाल्या. आज्ञा पाळल्या म्हणून ते सुटले नाहीत.

सगळ्यांत जास्त लोक घसरतात ते याच ओळीवर. आपल्याकडे नवसाची सवय रक्तात आहे. तू हे दे, मग मी ते करीन. ख्रिस्ती घरांतही ती आहेच, फक्त रूप बदलतं. 'इतके शुक्रवार उपास करते, तेवढं मुलाचं काम होऊ दे.' मागणं मागावं, त्यात काही चूक नाही. येशूनेच मागायला शिकवलं. पण आज्ञापालन हे त्या मागण्याचं मोल नाही. नवसात आधी आपण देतो किंवा द्यायचं कबूल करतो. इथे देणाऱ्याने आधीच देऊन टाकलं आहे. इफिसकरांस पत्राचा दुसरा अध्याय (८ ते १०) हेच सांगतो. तारण कृपेने आहे, कर्मांनी नाही, आणि सत्कृत्यं ही त्या तारणातून पुढे येणारी वाट आहे.

म्हणून वहीच्या पहिल्या पानावर आज्ञा लिहू नका. देवाने तुम्हाला कशातून बाहेर काढलं, ते लिहा. नेमकं लिहा. 'देव चांगला आहे' हे वाक्य इथे चालणार नाही. दारूतून सुटलेला नवरा, समुद्रातून परत आलेली होडी, बाळंतपणात वाचलेली सून, ज्या रागातून तुम्ही बाहेर आलात तो राग. आणि या सगळ्यांच्या मुळाशी ख्रिस्ताचा क्रूस. पाच ओळी झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.

> इशारा: पहिलं पान भरताना 'मी देवासाठी काय केलं' अशी यादी होऊ लागली तर थांबा. लूक १८ मधला परूशी, म्हणजे नियम काटेकोर पाळणाऱ्या पंथाचा माणूस, मंदिरात उभा राहून हीच यादी वाचत होता. नीतिमान ठरून घरी गेला तो जकातदार, ज्याच्याजवळ यादी नव्हती.

## टप्पा २: लाभ कोणता, ते आधी समजून घ्या

आज्ञा पाळल्याने लाभ होतो, हे शास्त्र उघडपणे सांगतं. त्यात संकोच नको. फक्त ते कोणत्या लाभाचं नाव घेतं, ते नीट पाहा.

स्तोत्र १९ मध्ये (७ ते ११) म्हटलं आहे की देवाचं नियमशास्त्र जिवाला ताजेपण देतं, भोळ्याला शहाणं करतं, मनाला आनंद देतं, डोळ्यांना प्रकाश देतं, आणि ते पाळण्यात मोठं फळ आहे. 'पाळण्यात' हा शब्द धरून ठेवा. पाळता पाळताच ते मिळतं. योहान १५ मध्ये येशू सांगतो, आज्ञा पाळाल तर माझ्या प्रीतीत राहाल, आणि हे मी सांगतो ते तुमचा आनंद पूर्ण व्हावा म्हणून. स्तोत्र ११९ (१६५) शांतीविषयी बोलतं. आईबापांच्या आज्ञेला तर थेट वचनच जोडलेलं आहे, आणि प्रेषित पौल इफिसकरांना त्याची आठवण देतो.

जीव ताजा राहणं, डोळे स्वच्छ असणं, आनंद, शांती, टिकणारी नाती, देवाशी जवळीक. या यादीत नोकरी नाही, रोग न येणं नाही, धंद्यात बरकत नाही. प्रामाणिक माणसावर लोक विश्वास टाकतात, व्यसन नसलेल्या घरात पैसा उरतो, असे लाभ पुष्कळदा मागोमाग येतात. येतात तेव्हा देवाचे आभार माना. पण त्यांवर आज्ञापालनाचं मोजमाप करू नका.

३ जून २०२०ला निसर्ग वादळ अलिबागजवळ किनाऱ्याला लागलं. श्रीवर्धन, मुरुड, दापोलीकडच्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. पुढच्याच मे महिन्यात तौक्ते आलं आणि देवगड-मालवणात घरांचे पत्रे, कलमं, होड्या गेल्या. वारा दार ठोठावून विचारत नाही की इथे आज्ञा पाळतात का. मत्तय ७ मधला येशूचा दाखलाही नीट वाचा. खडकावरचं घर आणि वाळूवरचं घर, दोन्ही घरांना तोच पाऊस, तोच पूर, तोच वारा लागतो. ऐकून वागणाऱ्याच्या घरावर वादळ येत नाही, असं तिथे म्हटलेलंच नाही. घर पडलं नाही, एवढंच म्हटलं आहे. लूक १३ मध्ये शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं दगावल्याची गोष्ट निघते, तेव्हा येशू स्पष्ट विचारतो, ती माणसं इतरांपेक्षा जास्त पापी होती असं तुम्हाला वाटतं का? नाही, असं उत्तरही तोच देतो.

मग आज्ञा आपल्या भल्याची कशी? मासेमारी बंदीचं उदाहरण घ्या. दोन महिने होडी वर ओढून ठेवायची, कमाई थांबवायची. दिसायला तो हुकूम तोट्याचा. पण त्याच दिवसांत मासळी अंडी घालते, खवळलेल्या समुद्रात माणसं जात नाहीत, आणि नारळी पौर्णिमेनंतर जाळ्यात जे येतं ते त्या थांबण्यातून आलेलं असतं. बंदी मोडून जो आत जातो तो आजचे चार पैसे आणतो आणि सगळ्या गावाचा पुढचा हंगाम खातो. देवाच्या आज्ञा अशाच आहेत. ज्याने समुद्र केला आणि माणूस केला, त्याला ठाऊक आहे कुठे थांबलं की जीव वाढतो.

> तपासा: वहीत एक वाक्य लिहा: 'ही आज्ञा पाळून बाहेरून काहीच बदललं नाही, तरी मी ती पाळीन, कारण…' वाक्य पूर्ण होत नसेल तर टप्पा १ पुन्हा करा.

## टप्पा ३: प्रत्येक आज्ञेला एक पान, आणि पानावर आपल्याच गावचे प्रश्न

छापील प्रश्नावल्या मिळतात, त्या वापरा. पण त्यांवर थांबू नका. 'मी चोरी केली का?' या प्रश्नाला सगळेच 'नाही' म्हणतात. प्रश्न आपल्या अंगणात आणावा लागतो.

चोरी आणि खोटी साक्ष. माझी आजी आंब्याच्या पेट्या भरायची. लाकडी पेटी, तळाला पेंढा, त्यावर फळांचा थर, पुन्हा पेंढा. सगळीकडे वरच्या थराला मोठी, रंगाला आलेली फळं लावतात आणि लहान, डागी फळं तळाला जातात. आजी तळाचा थर आधी निवडून लावायची, आणि तोही वरच्यासारखाच. कुणी हसलं की म्हणायची, "लोक वरचो आंबो बघून घेतत, खालचो बघून परत येतत." लेवीय १९ मध्ये खऱ्या तराजूची आणि खऱ्या मापाची आज्ञा आहे, ती मला तिच्या पेटीच्या तळाशी दिसली.

२०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघर या पाच जिल्ह्यांतला हापूसच आता त्या नावाने विकायचा. तरी बाहेरून आलेला आंबा देवगडच्या पेटीत जातोच. त्यात गिऱ्हाइकाचे पैसे चोरले जातात, आणि पेटीवरचं नाव ही खोटी साक्ष होते. एका पेटीत दोन आज्ञा मोडतात. स्वतःला विचारा: काट्यात, वाट्यात, पेटीत, बिलात, मजुराच्या हजेरीत माझा हात कुठे आखडतो?

शेजाऱ्याच्या मालमत्तेचा लोभ. अनुवाद १९ (१४) मध्ये शेजाऱ्याची मेर, म्हणजे जमिनीची हद्द, सरकवू नको, असं सरळ लिहिलेलं आहे. कोकणी माणसाला याचं स्पष्टीकरण लागत नाही. आमच्याच घरची गोष्ट सांगते. एका पावसाळ्यात आमच्या आणि शेजारच्या परड्यामधला गडगा, म्हणजे दगडी कुंपण, ढासळला. आम्ही भावंडांनी तो पुन्हा रचून घेतला, तेव्हा तो हातभर पलीकडे गेला. गडी विचारत होते, जुनी रेघ कुठे? आम्ही ऐकलं न ऐकलंसं केलं. पुढे सहा वर्षं मी त्या बाजूच्या पायवाटेने गेले नाही. लांबचा फेरा घेऊन रस्त्याला लागायचे आणि मनाशी म्हणायचे की इकडून ऊन कमी लागतं.

इथेच बहिणीच्या वाट्याचाही प्रश्न घ्या. मृत्युपत्र नसेल तर आपल्याकडे ख्रिस्ती आईबापांच्या मिळकतीत मुलगा आणि मुलगी यांना सारखाच वाटा आहे. भारतीय वारसा कायदा १९२५ पासून तेच सांगतो. बहिणीला न समजावता, 'नुसती सही कर' म्हणून हक्कसोड पत्रावर सही घेतली असेल, तर ते या पानावर लिहा. तिने समजून, आपल्या खुशीने सोडलं असेल तर प्रश्न नाही.

विश्रामदिन. 'मिस्सा चुकवली का', 'उपासनेला गेलो का' एवढंच बहुतेक जण विचारतात. अनुवाद ५ (१४) वाचा. तुझ्या चाकराला आणि दासीलाही तुझ्यासारखाच विसावा मिळावा, असं तिथे आहे, आणि कारण दिलं आहे की तूही गुलाम होतास. किनाऱ्यावर घरगुती राहण्याजेवणाचा धंदा वाढला आहे आणि शनिवार-रविवार हाच कमाईचा दिवस असतो. देव ते जाणतो. पण तुमच्याकडे भांडी घासणाऱ्या बाईला आठवड्यातून एक पूर्ण दिवस मिळतो का? होडीवरच्या खलाशाला? आपण पुढच्या बाकावर बसतो आणि ती आपल्या मोरीत असते, तर ही आज्ञा अर्धीच पाळली गेली.

आईबापांचा मान. मार्क ७ मध्ये (९ ते १३) येशू एका पळवाटेवर बोट ठेवतो. आईबापांना द्यायचं ते 'देवाला अर्पण केलं' म्हणून हात झटकणं. फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, देणगी पाठवणाऱ्या मुंबईच्या चाकरमान्याने हे पान सावकाश लिहावं. आईचा मोतीबिंदू दोन वर्षं तसाच आहे आणि क्रूसाला नवी फरशी बसली आहे, तर त्या फरशीने ही आज्ञा भागत नाही.

> इशारा: मान देणं म्हणजे मार खाणं किंवा अन्याय झाकणं नव्हे. घरात मारहाण, छळ, मुलांशी गैरवर्तन होत असेल तर आज्ञेचं नाव घेऊन कुणालाही गप्प बसवू नका. सुरक्षित जागी जाणं, मदत मागणं, पोलिसांकडे जाणं यात कुठलीच आज्ञा मोडत नाही. बापांना उद्देशूनही वचन आहे, इफिस ६ (४): मुलांना चिडीला आणू नका.

बाकीच्या पानांसाठी थोडक्यात. देवाच्या नावाखाली: दुकानात घेतलेली 'देवाशपथ', आणि आपल्या मर्जीला दिलेलं 'देवाची इच्छा' हे नाव. खुनाच्या आज्ञेखाली मत्तय ५ मधला राग, म्हणजेच वर्षानुवर्षांचा अबोला. व्यभिचार आणि शेजाऱ्याची बायको यांखाली फोनवर रात्री काय उघडलं जातं, तेही येतं. पहिल्या आज्ञेखाली, ज्याची भीती तुम्हाला देवापेक्षा जास्त वाटते ती प्रत्येक गोष्ट.

## टप्पा ४: दहातली एकच निवडा

पानं भरली की माणूस एकतर घाबरतो किंवा एकदम दहाही सुधारायला निघतो. दोन्हींचा शेवट एकच, आठव्या दिवशी वही कपाटात. खरं तर दहाही आज्ञा आपल्यावर आहेतच, एकीला सुट्टी नाही. पण नव्याने हात घालायचा तो एकीला.

कोणती? जे पान लिहिताना पेन थांबलं ती. सोपी वाटते ती नको.

मग वाक्य करा. त्यात काय, कोणाशी आणि कधीपर्यंत, हे तिन्ही हवं. 'मी प्रामाणिक राहीन' हे वाक्य निरुपयोगी आहे. 'या हंगामात माझ्या प्रत्येक पेटीचा तळाचा थर मी स्वतः लावीन' हे वाक्य पाळता येतं, आणि मोडलं तर कळतंही. 'आईशी नीट वागेन' याऐवजी 'दर बुधवारी संध्याकाळी आईला फोन करीन आणि तिचं बोलणं संपेपर्यंत माझं सुरू करणार नाही.'

> तपासा: वाक्य घरातल्या शहाण्या माणसाला वाचून दाखवा. 'म्हणजे नेमकं काय करणार?' असं त्याने विचारलं, तर वाक्य अजून तयार नाही.

## टप्पा ५: मोडलेलं आधी सावरा

हा टप्पा वगळला जातो, आणि पश्चात्ताप खरा असूनही मन हलकं होत नाही. मत्तय ५ (२३-२४) मध्ये येशू म्हणतो की वेदीपाशी अर्पण आणलंस आणि भावाचं तुझ्याविरुद्ध काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग येऊन अर्पण कर. अर्पण टाकून दे असं तो म्हणत नाही, पण आधी समेट.

कॅथलिक शिकवणीत हे पक्कं आहे. पापनिवेदनात, म्हणजे फादरांपाशी पाप कबूल केल्यावर, क्षमा मिळते, तरी चोरलेलं परत करणं आणि बिघडवलेलं नाव सावरणं हे कर्तव्य उरतंच. गणना ५ मध्ये मूळ रकमेत पाचवा हिस्सा मिळवून परत करायला सांगितलं आहे. येशूला भेटलेला जकातदार जक्कय चौपट द्यायला निघाला. आपण निदान मुद्दल तरी द्यावं.

रीत अशी. आधी काय घेतलं वा मोडलं ते आकड्यात लिहा. मग स्वतः जा, निरोप्या पाठवू नका. बोलणं दोन वाक्यांत संपवा. 'त्या वेळी आमची परिस्थिती अशी होती' हे तिसरं वाक्य आलं की माफी मागणारा वकील होतो. समोरच्याने माफ केलंच पाहिजे अशी अट मनात ठेवू नका.

मी गेले तो एप्रिल होता. शेजारच्या वहिनी खळ्यात कोकमाची सोलं वाळत घालत होत्या. घोकून ठेवलं होतं ते म्हटलं, "वयनी, गडगो आमीच सरकवलो. ह्या उन्हाळ्यात परत मागे घेतंव." त्यांनी मान वर केली नाही. सोलं पसरतच म्हणाल्या, "माका ठावक होता." एवढंच. भाऊ आधी तयार नव्हता, मजुरी कोण देणार म्हणाला. शेवटी दोघांनी निम्मी निम्मी दिली. मे संपायच्या आत गडगा जुन्या रेघेवर आला. वहिनी त्या वर्षी आमच्याशी फारसं बोलल्या नाहीत. मी मात्र जवळच्या पायवाटेने जायला लागले. स्तोत्रात डोळ्यांना प्रकाश देणारी आज्ञा म्हटलं आहे, ते मला त्या वाटेवर समजलं. मला कुणाच्या खिडकीपासून नजर चुकवायची राहिली नव्हती.

ज्याचं घेतलं तो माणूस हयात नसेल तर त्याच्या वारसांना द्या. तेही सापडत नसतील तर गरिबांना.

> इशारा: काही गोष्टी सांगितल्याने तिसऱ्याच माणसाचा संसार मोडतो. अशा वेळी घाईने सगळं ओकून टाकू नका. आधी फादरांशी किंवा आपल्या पाळकांशी एकांतात बोला, मग सावरण्याची वाट ठरवा.

## टप्पा ६: पापनिवेदन

कॅथलिकांसाठी हा संस्कार आहे. सावंतवाडी-वेंगुर्ल्याकडची जुनी माणसं त्याला 'कुमसार' म्हणतात. वही घेऊन आत गेलात तरी चालतं. फक्त आपलं सांगा, सुनेचं नको. गंभीर पाप असेल तर ते कोणतं आणि साधारण किती वेळा, एवढं सांगावं लागतं. गोष्ट सांगावी लागत नाही. विसरलं तर घाबरू नका. जाणूनबुजून लपवलं तर मात्र सगळाच प्रयत्न वाया जातो. प्रायश्चित्त म्हणून जे दिलं जाईल ते त्याच दिवशी करा, मागे ठेवलं की राहतं.

प्रोटेस्टंट घरात हे थेट देवापाशी होतं. पण याकोब ५ (१६) एकमेकांजवळही पाप कबूल करायला सांगतो, आणि ते सहसा होत नाही. मंडळीतला एक विश्वासू माणूस निवडा, ज्याच्या पोटात गोष्ट राहते असा.

काम झालं की वहीतली कबुलीची पानं फाडून चुलीत टाका. पहिलं पान ठेवा.

## टप्पा ७: शनिवारची संध्याकाळ

दर शनिवारी, तिन्हीसांजेची प्रार्थना झाली की पाच मिनिटं. टप्पा ४ मधलं वाक्य वाचा. पाळलं का? पाळलं असेल तर त्या आठवड्यात आत काय बदललं ते एका ओळीत लिहा. झोप, राग, कुणाच्या डोळ्यात बघता येणं, प्रार्थनेत मन लागणं. लाभ इथे दिसतो, आणि सावकाश दिसतो. चार-पाच शनिवार झाल्याशिवाय निकाल काढू नका.

मोडलं असेल तर त्याच संध्याकाळी कबूल करा आणि वाक्य तेच ठेवा. मोडलं म्हणून वाक्य सोपं करायचं नाही. याकोब १ मध्ये आरशाचं उदाहरण आहे. तोंड पाहून निघून गेलेला माणूस आपण कसे दिसलो ते लगेच विसरतो. शनिवारची पाच मिनिटं म्हणजे पुन्हा आरशासमोर उभं राहणं.

या टप्प्यात दोन चुका फार दिसतात. एक, आपली आज्ञा जरा जमू लागली की शेजाऱ्याच्या पानावर नजर जाते. रविवार पाळणारी बाई रविवारी मासे विकणाऱ्या कोळणीला नावं ठेवते, तिच्या घरी खाणारी तोंडं किती ते न विचारता. दुसरी, जमत नाही म्हणून सोडून देणं. मी अपात्रच आहे, असं म्हणून प्रभुभोजनापासूनच दूर राहणारी माणसं मी पाहिली आहेत. आज्ञा आपली दुर्बलता दाखवते, ती ख्रिस्ताकडे नेण्यासाठी. जायचं तिकडेच असतं.

## मुलांना सांगताना

'असं केलंस तर देव शिक्षा करील' या वाक्याने सुरुवात करू नका. लहानपणी बसलेली ती भीती मोठेपणी धर्मच सोडायला लावते. शास्त्राने याचं उत्तर लिहूनच ठेवलं आहे. अनुवाद ६ (२० ते २५) मध्ये मुलगा विचारतो, या आज्ञांचा अर्थ काय? बापाने नियमांची यादी वाचायची नाही. त्याने सांगायचं की आम्ही मिसरात फारोचे गुलाम होतो, परमेश्वराने आम्हाला बाहेर काढलं, आणि आमचं सदैव भलं व्हावं म्हणून या आज्ञा दिल्या. म्हणजे वहीचं पहिलं पान मुलांना वाचून दाखवायचं. म्हणूनच ते जपायला सांगितलं.

गडगा मागे घेत होतो तेव्हा भावाचा मुलगा दगड द्यायला उभा होता. सात वर्षांचा. त्याने विचारलं, "आते, चांगलो गडगो मोडतंव कित्याक?" मी हातातला चिरा खाली ठेवला आणि त्याला त्याच्या पणजीच्या पेटीची गोष्ट सांगायला लागले.